ही जागा कुणी ठरवली?



जेवणं उरकली असतील, भांडी पालथी पडली असतील. आता जरा टेका आणि रेडिओ जवळ ओढा. आज आम्ही व्याजदराबद्दल किंवा शेळ्यांच्या लसीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय संगणकाबद्दल, आणि तेही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या संगणकाबद्दल. "आम्हाला काय करायचंय त्याचं?" असं म्हणून बटण फिरवू नका. ही गोष्ट फिरून आपल्या गटाच्या कर्जवहीपाशीच येणार आहे.

झालं असं, की आमच्या एका गटाची हिशेबनीस ताई महिन्याच्या बैठकीची नोंद फोनवर भरत होती. बचत भरली, हप्ते भरले, शेवटचं बटण दाबलं आणि फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बैठकीत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाली, "हिला जमत नाही बाई." खरं सांगायचं तर आम्हीही तिथेच बसलो होतो, आणि आमच्याही तोंडून निघून गेलं, "काहीतरी चुकीचं दाबलं असशील." ताई काही बोलली नाही. बैठक संपल्यावर तिने वही आमच्या हातात दिली. म्हणाली, "दुसरी कुणी बघा. मी सातवी शिकलेली. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो आणि फोन उघडून बसलो. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं, पुतणीच्या लग्नाचे व्हिडिओ, एकच भजन चार वेळा. फोन तिचा, पण हात घरातल्या सगळ्यांचे. जागा भरून गेली होती, एवढंच. नको ते काढून टाकलं, नोंद पाचच मिनिटांत झाली. आम्ही तिची माफी मागितली आणि वही परत दिली. ती वही तिने घेतली, पण एक प्रश्न विचारला. "ही जागा एवढीच का असते? कुणी ठरवली?"

आमच्यातली एक बी.ए. झालेली, दुसरीने एमएससीआयटी केलेलं. पण हा प्रश्न आम्हाला कधी कुणी परीक्षेत विचारला नव्हता. म्हणून आम्ही शोधत बसलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या घरात धान्य ठेवायची जागा वेगळी आणि भाकरी करायची जागा वेगळी. कणगीत वर्षाचं धान्य असतं, पण कणगी घेऊन कुणी चुलीपुढे बसत नाही. काठवटीत मावेल तेवढंच पीठ मळायला घेतो. संगणकाचंही तसंच. फोटो, गाणी, कागदपत्रं साठवायची ती कणगी. आणि काम चालू असताना लागणारं सगळं जिथे मांडावं लागतं ती काठवट. या काठवटीलाच मेमरी म्हणतात. वीज गेली की ही काठवट आपोआप रिकामी होते. ताईच्या फोनची भरली होती ती कणगी. जुन्या संगणकांची खरी अडचण होती काठवटीची.

या जागेचं माप म्हणजे बाइट. इंग्रजीचं एक अक्षर ठेवायला एक बाइट लागतो. १,०२४ बाइट म्हणजे एक केबी, १,०२४ केबी म्हणजे एक एमबी, १,०२४ एमबी म्हणजे एक जीबी. आज साध्या स्मार्टफोनचीही काठवट जीबीत मोजतात.

आता सुरुवात बघा. १९७५ साली अमेरिकेत अल्टेअर ८८०० नावाचा संगणक निघाला. सुटे भाग घरी आणायचे आणि स्वतः जोडायचे. साध्या संचात मेमरी किती? २५६ बाइट. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. पडदा नाही, अक्षरांच्या कळा नाहीत. समोर खटके आणि लुकलुकणारे दिवे. तरी लोकांनी तो हौसेने घेतला, कारण तोवर संगणक म्हणजे मोठ्या कंपन्यांची आणि सरकारची गोष्ट होती. घरात स्वतःचा संगणक ही कल्पनाच नवीन.

१९८१ साली इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा छोटा संगणक काढला. त्याची मेमरी एक केबी. सुटे भाग घेऊन घरी जोडायचा संच ४९.९५ पौंडांना मिळायचा. जास्त जागा हवी तर १६ केबीची एक वेगळी डबी मिळायची, आणि तिची किंमतही जवळपास संगणकाच्या संचाएवढीच. म्हणजे घर जेवढ्याला, तेवढ्यालाच एक वाढीव खोली. ही डबी मागच्या बाजूला खोचायची. ती जरा हलली की संगणक बंद पडायचा आणि तासभर केलेलं काम पुसलं जायचं. लोक ती चिकटपट्टीने बांधून ठेवायचे. आपण टीव्हीची वायर रबराने बांधतो ना, अगदी तसंच.

पण याच एका केबीत लोकांनी काय करून दाखवलं ते ऐका. डेव्हिड हॉर्न नावाच्या माणसाने या संगणकावर बुद्धिबळ बसवलं. सगळा खेळ ६७२ बाइटमध्ये. काही नियम गाळावे लागले, राजाचा किल्ला करता येत नव्हता, पण संगणक समोर बसून खेळायचा. एका खोलीत सहा माणसांचा संसार नेटका करणारी बाई आपण पाहिलेली आहे. हे त्यातलंच काम.

आता येऊ आपल्या कामाच्या गोष्टीकडे, म्हणजे हिशेबाकडे. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाची हिशेबाची वही संगणकावर आणली. पहिल्यांदा ती ॲपल टू या संगणकावर चालली. आडव्या २५४ ओळी, उभे ६३ रकाने. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सगळी बेरीज आपोआप बदलायची. ज्यांनी रात्र-रात्र जागून ताळेबंद जुळवलाय त्यांना यातलं सुख कळेल. दुकानदार, हिशेबनीस यांनी केवळ या वहीसाठी संगणक विकत घेतले.

पण एक मेख होती. २५४ ओळी गुणिले ६३ रकाने म्हणजे १६,००२ घरं. वही दाखवायची एवढी घरं, पण सगळी भरता यायची नाहीत. ॲपल टूच्या काठवटीत जास्तीत जास्त ४८ केबी बसायचे, आणि त्यातली बरीच जागा खुद्द वहीच खायची. पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात किती केबी उरले तो आकडा दिसायचा. हिशेब भरत जावा तसा तो खाली खाली यायचा. दिवाळीच्या तोंडावर तेलाच्या डब्याकडे आपण जसं बघतो, तसं लोक त्या आकड्याकडे बघत असतील.

मग आला ऑगस्ट १९८१. अमेरिकेतल्या आयबीएम या मोठ्या कंपनीने आपला पहिला घरगुती संगणक बाजारात आणला. आज आपल्याकडच्या सेवा केंद्रात, बँकेत जे संगणक दिसतात त्यांतले बहुतेक याच घराण्यातले. सर्वांत साध्या नगाला मेमरी १६ केबी. आत इंटेल कंपनीची ८०८८ नावाची चिप. ताईच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला या चिपमध्ये सापडलं.

समजा, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर क्रमांकासाठी तीनच चौकोन छापलेत. मग ९९९ पर्यंतच घरं नोंदता येतील. हजारावं घर बांधून उभं राहील, पण त्याला क्रमांक मिळणार नाही. संगणकाच्या मेमरीतही प्रत्येक बाइटला घर क्रमांक असतो. तो क्रमांक सांगायला चिपमध्ये तारा असतात. प्रत्येक तार चालू तरी असते नाहीतर बंद. एका तारेने दोन घरं सांगता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ. तार वाढली की घरं दुप्पट. आधीच्या बऱ्याच लहान संगणकांत १६ तारा होत्या, म्हणजे ६५,५३६ घरं, म्हणजे ६४ केबी. ८०८८ चिपमध्ये २० तारा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ घरं, म्हणजे बरोबर एक एमबी. त्याच्या पुढचं घर त्या चिपला हाकच मारता येत नाही.

आता ही एक एमबी म्हणजे १६ एकरांची लांब पट्टी समजा, प्रत्येक एकर ६४ केबीचा. आयबीएमच्या माणसांनी तिची वाटणी केली. पहिले १० एकर पेरायला, म्हणजे आपल्या कामाला. पुढचे ६ एकर राखीव, पडद्यावरची चित्रं-अक्षरं आणि यंत्राच्या स्वतःच्या सूचना यांच्यासाठी. म्हणजे विहीर, गोठा, वाट. १० एकर म्हणजे ६४० केबी. हीच ती जगभर गाजलेली ६४० केबीची मर्यादा.

त्या वेळी ती कमी होती का? मुळीच नाही. १६ केबीचा संगणक विकत होते तेव्हा ६४० म्हणजे चाळीस पट जागा. आधीच्या यंत्रांच्या दहा पट. मेमरी महाग होती, एवढी भरायला पैसे कुणाकडे होते? ज्याने वाटणी केली त्याने त्या दिवसापुरता शहाणपणाच केला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स "६४० केबी कुणालाही पुरेल" असं म्हणाले होते, अशी एक गोष्ट सांगतात. गेट्स यांनी आपण असं कधी म्हटल्याचं नाकारलंय. अडचण आली की एक नाव शोधायचं आणि त्याच्यावर खापर फोडायचं, ही सवय फक्त आपल्या पारावरची नाही असं दिसतं.

पण संसार वाढला. १९८३ साली लोटस वन-टू-थ्री नावाची नवी हिशेबाची वही आली. कंपन्या तिच्यात मोठमोठे ताळेबंद भरू लागल्या, आणि पडद्यावर अक्षरं येऊ लागली, मेमरी भरली. आता शेत वाढवायचं तर कुठे? १० एकरांच्या पुढे लगेच विहीर आणि गोठा. बांध सरकवता येईना.

मग १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मिळून एक तोड काढली. राखीव सहा एकरांत एक एकराचा तुकडा मोकळा शोधला. जादा मेमरी वेगळ्या कार्डावर ठेवली. तिच्यातले १६ केबीचे चार तुकडे त्या मोकळ्या जागेत आणून बसवायचे, काम झालं की उठवायचे आणि दुसरे चार बसवायचे. लग्नात मांडव लहान असला की आपण पंगती उठवतो, तसंच. पाचशे माणसं जेवतात, पण एका वेळी पन्नास. काम भागलं, पण वाढणाऱ्यांची धावपळ वाढली.

तुम्ही म्हणाल, जास्त तारांची चिप का नाही आणली? आणली की. १९८४ सालीच आयबीएमने २४ तारांच्या चिपचा संगणक काढला. त्याला १६ एमबीपर्यंत हाक मारता येत होती. पुढच्याच वर्षी इंटेलने काढलेली ३८६ नावाची चिप चार जीबीपर्यंत पोचत होती. म्हणजे खरी भिंत पडली होती. तरीही लोक पुढची दहा वर्षं ६४० केबीतच अडकून राहिले. कारण तोवर सगळी कामं, सगळ्या वह्या त्या जुन्या वाटणीला धरून लिहिलेल्या होत्या. नव्या चिपवर जुनी वही उघडली की नवी चिप मुकाट्याने जुन्या चिपसारखी वागायची. लोकांनी चार-चार एमबी मेमरी विकत घेतली, तरी यंत्र म्हणायचं, जागा पुरत नाही. घरात पोत्याने ज्वारी आणि काठवटीत मूठभर पीठ. १९९१ साली मायक्रोसॉफ्टने काही सामान त्या राखीव भागात सरकवायची सोय केली. मग लोक तासन् तास बसून हे इकडे, ते तिकडे करायचे आणि दहा-वीस केबी मोकळे झाले की आनंद मानायचे. १९९५ साली विंडोज ९५ आलं, नव्या पद्धतीच्या वह्या आल्या, तेव्हा हळूहळू सामान्य माणूस त्यातून सुटला.

जागा वाचवण्याची आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. जुन्या मोठ्या संगणकांत जागा वाचावी म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. १९८५ ऐवजी ८५. मग २००० साल जवळ आलं आणि जगभर धावपळ उडाली, कारण ०० म्हणजे २००० की १९००, हे यंत्राला कळणार कसं? ते दुरुस्त करण्याच्या कामात आपल्या देशातल्या मुलामुलींचे फार हात लागले. आपल्या जुन्या पावती पुस्तकांवरही १९ छापलेलं असायचं आणि पुढे दोन जागा रिकाम्या. २००० साल आलं आणि आपण ते १९ खोडून वर २० लिहीत बसलो. छापणाऱ्याला वाटलं होतं, १९ कायमचंच आहे.

हे सगळं आम्ही ताईला तिच्या ओसरीवर बसून सांगितलं. ती शेंगा फोडता फोडता ऐकत होती. आमचं संपलं तशी उठली, आतून गटाची कर्जवही घेऊन आली आणि एक पान उघडून आमच्यापुढे ठेवलं. "मग हे बारा खण कुणी ठरवले?"

मैत्रिणींनो, त्या पानाकडे बघून आम्ही गप्प झालो.

आमची कर्जवही छापील आहे, बाजारातून आणलेली. एका कर्जाला एक पान, पानावर हप्त्याचे बारा खण. गट सुरू झाला तेव्हा कर्जं दोन-तीन हजारांची असायची, वर्षात फिटायची. बारा खण भरपूर होते. पुढे कर्जं मोठी झाली, तरी पान तेच राहिलं. आणि नकळत आम्ही म्हणायला लागलो, "आपल्या गटात हप्ते बाराच."

गेल्या साली एका सदस्येने म्हशीसाठी तीस हजार घेतले. महिन्याला अडीच हजार मुद्दल, वर व्याज. सातव्या महिन्यात म्हैस आटली. दूध बंद, पैसा बंद. तिने बैठकीत हात जोडून मुदत मागितली. आम्ही तिथेच होतो. आम्हीच तिला सांगितलं, "नियम बाराचा आहे, एकीसाठी मोडता येत नाही." तिने पुढचे हप्ते वेळेवर भरले. बाराही खण भरले, पान स्वच्छ झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. ते पैसे तिने गावातल्या एकाकडून जबर व्याजाने उचलले होते, हे हिशेबनीस ताईला माहीत होतं. आम्हाला तिने त्या ओसरीवर सांगितलं.

आम्ही ठरावाची वही पहिल्या पानापासून वाचून काढली. बारा हप्त्यांचा ठराव कुठेच नाही. कधी चर्चाही झालेली नाही. नियम असा नव्हताच. छापखान्यातल्या कुणीतरी आखलेले चौकोन होते, आणि त्यांच्यासाठी आम्ही एका बाईला सावकाराच्या दारात पाठवलं होतं. बारा ऐवजी वीस हप्ते केले असते तर महिन्याला दीड हजार मुद्दल बसली असती. तेवढी तिला भाकड काळातही मजुरीतून झेपली असती, असं ती स्वतः म्हणते.

पुढच्याच बैठकीत आम्ही हे सगळ्यांपुढे मांडलं. आमची चूक आमच्या तोंडाने सांगितली. मग ठराव झाला: हप्ते किती ते कर्ज कशासाठी घेतलंय ते बघून ठरवायचं. म्हशीला वेगळे, शिलाई मशीनला वेगळे, पेरणीला पीक हातात आल्यावर. पान संपलं तर खाली "पुढे पान अमुक" असं लिहून दुसरं पान घ्यायचं. एवढं सोपं होतं ते! आणि त्या सदस्येचं बाहेरचं देणं फेडायला गटाने तिला नवं कर्ज दिलं, वीस हप्त्यांचं. त्यातले सात भरून झालेत.

एक मात्र लक्षात ठेवू या. सगळ्याच मर्यादा खोट्या नसतात. २० तारांत दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या वर घरं बसत नाहीत, तिथे रागावून उपयोग नाही. गटाकडे पन्नास हजार असतील तर साठ हजार वाटता येत नाहीत. ती मर्यादा पाळायचीच, आणि तेवढ्यात नेटका संसार करायचा, त्या ६७२ बाइटच्या बुद्धिबळासारखा. पण चिप बदलली तरी लोक जुन्या ६४० मध्येच राहिले, तशी एखादी मर्यादा आपणही नुसत्या सवयीने वागवत असू. कुठली खरी आणि कुठली सवयीची, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या सगळ्या वह्या मध्ये ठेवा. कर्जाची, बचतीची, ठरावाची. छापील खण, छापील रकाने बघा आणि एकेकाबद्दल विचारा, हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, तेव्हा आपण किती होतो, आता किती आहोत. उत्तर सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर ठराव करा आणि नवीन वही आखताना पुढच्या बायकांसाठी दोन-चार रकाने रिकामे सोडा.

आणि फोन म्हणाला जागा नाही, तर आधी फोन बघा. समोरच्या बाईला "काहीतरी चुकीचं दाबलं असशील" असं म्हणू नका. आम्ही म्हणालो होतो. तिने वही खाली ठेवली असती, तर ते बारा खण आजही तसेच राहिले असते.

आमची ताई अजून हिशेबनीसच आहे. हा कार्यक्रम ती ऐकते आहे. तिला आमचा नमस्कार, आणि तुम्हा सगळ्यांनाही.